कलेक्शन आर्ग्युमेंटच्या कसोटीवर मॉक-यू, एनसब्स्टिट्यूट आणि फेकइटईझी

डॉट नेटमध्ये युनिट टेस्ट लिहिताना मॉकिंगसाठी, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी नकली ऑब्जेक्ट बसवण्यासाठी, या तीन लायब्ररींपैकीच एखादी सहसा हाती येते. तिन्ही फुकट आणि ओपन सोर्स आहेत. मॉक-यू आणि एनसब्स्टिट्यूट बीएसडी परवान्याखाली मिळतात, फेकइटईझी एमआयटी परवान्याखाली. मेथडला आकडा किंवा स्ट्रिंग जात असेल तोवर तिघींत निवड करायची ती निव्वळ लिहिण्याच्या शैलीवरून. खरा फरक दिसतो तो मेथडला लिस्ट, अ‍ॅरे, सेट किंवा आळशी क्वेरी (मागितल्यावरच चालणारी) जाते तेव्हा. म्हणून हे परीक्षण त्या एकाच कसोटीवर केलं आहे: मॉक केलेल्या मेथडला गेलेलं कलेक्शन अपेक्षेप्रमाणे होतं का, हे कोणती लायब्ररी किती नीट सांगते?

निकाल आधीच सांगून टाकतो. कलेक्शन घेणाऱ्या मेथड भरपूर असतील तर फेकइटईझी सर्वात भक्कम. मॉक-यूमध्ये सर्वात कमी लिहावं लागतं, पण तिची सोय कुठवर पुरते हे माहीत नसेल तर टेस्टवर विश्वास ठेवणं धोक्याचं. एनसब्स्टिट्यूटचा कोड वाचायला तिघींत सर्वात सुंदर, मात्र कलेक्शनच्या बाबतीत ती जवळपास सगळं काम तुमच्यावर सोडते.

उदाहरणासाठी एक 'ऑर्डरस्टोअर' धरू. त्यात 'सेव्हऑल' नावाची मेथड आहे आणि ती ऑर्डरच्या आयडींची लिस्ट घेते. टेस्टमध्ये १, २, ३ असलेली लिस्ट आपण तयार केली. कोडने स्वतःची वेगळी लिस्ट बनवली, त्यातही १, २, ३ आहेत आणि ती 'सेव्हऑल'ला दिली. सी शार्पमध्ये या दोन लिस्ट एकमेकींच्या 'इक्वल्स' नाहीत, कारण लिस्ट आणि अ‍ॅरे यांची तुलना आतल्या मजकुरावरून न होता रेफरन्सवरून होते, म्हणजे दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहेत का एवढंच पाहिलं जातं. जावातून आलेल्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. तिथे लिस्टचं 'इक्वल्स' घटक तपासतं, त्यामुळे मॉकिटो या तिथल्या मॉकिंग लायब्ररीत अपेक्षित लिस्ट सरळ दिली की काम होतं.

मॉक-यू इथे मदतीला येते. सेटअप (कोणत्या कॉलला मॉकने काय करायचं ते सांगणं) किंवा व्हेरिफाय (कॉल झाली का ते तपासणं) यांत मॅचर, म्हणजे आर्ग्युमेंटसाठीची अट, न वापरता थेट लिस्ट दिली, तर ती आधी 'इक्वल्स' विचारते. उत्तर नाही आलं आणि दोन्ही बाजू 'आयइन्यूमरेबल' (घटक एकेक करून देणारा टाइप) असतील, तर घटक एकेक करून क्रमाने ताडून पाहते. मेथडचा पॅरामीटर 'आयइन्यूमरेबल' असेल, तुमची अपेक्षा अ‍ॅरे असेल आणि कोडने लिस्ट पाठवली असेल, तरी जुळतं. रोजच्या वापरातल्या बहुतेक टेस्टला एवढं पुरतं. ही सोय नकळत वापरली जाते, म्हणून तिच्या मर्यादाही नकळतच आड येतात.

पहिली मर्यादा म्हणजे तुलना एकाच थरापर्यंत जाते. लिस्टच्या आत लिस्ट असेल तर आतल्या लिस्टची तुलना पुन्हा रेफरन्सवरच होते आणि टेस्ट फुटते. दुसरी मर्यादा क्रमाची. 'हॅशसेट' दिलात तरी मॉक-यू त्याला सेट मानत नाही, घटक ज्या क्रमाने बाहेर येतील त्याच क्रमाने ताडते. दोन सेट वेगवेगळ्या क्रमाने भरले असतील तर मजकूर तोच असूनही जुळणार नाहीत. डिक्शनरीचंही तसंच. तिसरी मर्यादा घटकांची. घटक साध्या क्लासचे असतील आणि त्या क्लासने 'इक्वल्स' लिहिलेलं नसेल, तर पुन्हा रेफरन्स. 'रेकॉर्ड' (मूल्यांवरून तुलना होणारा टाइप) वापरला की हा प्रश्न सुटतो असं वाटतं आणि बऱ्याचदा सुटतोही. पण त्या रेकॉर्डमध्ये एखादी प्रॉपर्टी लिस्टची असेल तर ती रेकॉर्डची तुलनाही मोडते, कारण रेकॉर्ड आपल्या प्रत्येक प्रॉपर्टीला तिचं स्वतःचं 'इक्वल्स' विचारतो. आणि 'आयअसिंकइन्यूमरेबल' या सोयीत बसतच नाही, तिथे मॉक-यू रेफरन्सच पाहते.

यावरचा सर्वात सुटसुटीत इलाज म्हणजे जे महत्त्वाचं आहे तेवढंच काढून तुलना करणं. 'इट.इज' मॅचरमध्ये लिस्टवर 'सिलेक्ट' करून फक्त आयडी घ्या आणि त्यांच्यावर 'सीक्वेन्सइक्वल' लावा. ऑर्डरचं अख्खं ऑब्जेक्ट ताडत बसण्यापेक्षा हे वाचायलाही स्पष्ट असतं. क्रम महत्त्वाचा नसेल तर दोन्ही बाजू 'ऑर्डरबाय'ने लावून मग 'सीक्वेन्सइक्वल' करा. इथे एक सवय सर्रास दिसते: अपेक्षेतला प्रत्येक घटक लिस्टमध्ये आहे का पाहायचं आणि वर दोन्हींची संख्या सारखी आहे का पाहायचं. हे चुकीचं आहे. अपेक्षा १, १, २ असेल आणि प्रत्यक्षात १, २, २ गेलं असेल, तरी दोन्ही अटी पुऱ्या होतात. 'एक्सेप्ट' वापरून काही उरत नाही ना हे पाहणं त्याहून कच्चं, कारण ते दुबार घटक मोजतच नाही आणि एकाच दिशेने पाहतं. घटक खरोखर एकमेव असतील तरच सेटची भाषा वापरा, आणि तेव्हा 'हॅशसेट'चं 'सेटइक्वल्स' वापरा.

'इट.इजइन' या नावाने बरेच जण फसतात. कलेक्शन जुळवायचं असताना तोच मॅचर असेल असं वाटतं. त्याचं काम मात्र उलटं आहे: आलेलं एकच मूल्य दिलेल्या यादीत आहे का, एवढंच तो पाहतो. 'इट.इजएनी'चा बारकावाही लक्षात ठेवण्याजोगा. पॅरामीटर 'आयइन्यूमरेबल' असताना 'इट.इजएनी'ला टाइप म्हणून 'लिस्ट' दिली आणि कोडने अ‍ॅरे किंवा 'व्हेअर' लावलेली क्वेरी पाठवली, तर तो जुळत नाही. मेथडच्या सहीत जो टाइप आहे तोच मॅचरला द्या.

सेटअप जुळला नाही की लगेच एरर येईल असं समजू नका. मॉक-यूचा मॉक मुळात सैल असतो. जुळणारा सेटअप नसेल तर तो मुकाट्याने डीफॉल्ट मूल्य परत देतो. परतीचा टाइप अ‍ॅरे किंवा 'आयइन्यूमरेबल' असेल तर रिकामं कलेक्शन, 'लिस्ट' असेल तर नल. मग टेस्ट फुटते ती दहा ओळी खाली, भलत्याच कारणाने, आणि शोध चुकीच्या जागी सुरू होतो. अशा वेळी तो एक मॉक तात्पुरता 'मॉकबिहेव्हियर.स्ट्रिक्ट' करा. न जुळलेली कॉल जिथे झाली तिथेच एक्सेप्शन येतं आणि कोणतं आर्ग्युमेंट गेलं तेही दिसतं.

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा, आणि तो तिन्ही लायब्ररींना लागू आहे. समजा कोड आयडी एका बफर लिस्टमध्ये साठवतो, शंभर झाले की 'सेव्हऑल(बफर)' म्हणतो आणि लगेच 'बफर.क्लिअर()' करतो. लूप जुना आणि कोड बरोबर आहे. टेस्टच्या शेवटी तुम्ही व्हेरिफाय लिहिता आणि मॉक-यू म्हणते की कॉल एकदा अपेक्षित होती, शून्य वेळा झाली. खाली झालेल्या कॉलची यादी असते आणि तिच्यात 'सेव्हऑल([])' असं दिसतं. कोड रिकामी लिस्ट पाठवतोय असंच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मॉकने कॉलच्या वेळी लिस्टची प्रत घेतलेलीच नसते, त्याच्याकडे फक्त रेफरन्स असतो. व्हेरिफाय धावतं तोवर ती लिस्ट रिकामी झालेली असते.

उलट बाजू याहून वाईट. टेस्टने 'आयडीज' नावाची लिस्ट कोडला दिली, कोडने त्याच लिस्टमधले दुबार आयडी काढायला हवे होते आणि तीच लिस्ट पुढे 'सेव्हऑल'ला द्यायला हवी होती. तुम्ही व्हेरिफायमध्येही 'आयडीज'च दिली. आता कोडने दुबार काढले काय, न काढले काय, टेस्ट पासच होणार, कारण दोन्ही बाजूंना एकच ऑब्जेक्ट आहे. ही टेस्ट काहीही तपासत नाही. अपेक्षा नेहमी वेगळी, टेस्टमध्ये हाताने लिहिलेली लिस्ट हवी.

कोड लिस्ट बदलत असेल तर मॉक-यूमध्ये दोन रस्ते आहेत. पहिला 'कॉलबॅक'चा: सेटअपवर कॉलबॅक (कॉल झाली की चालणारा कोड) लावा, त्यात आलेल्या लिस्टवर 'टूलिस्ट()' करून प्रत बाजूला ठेवा आणि शेवटी त्या प्रतीवर नेहमीच्या असर्शनने तपासा. 'कॅप्चर.इन' आटोपशीर दिसतं, पण ते रेफरन्सच साठवतं, म्हणून बदलणाऱ्या लिस्टसाठी ते उपयोगाचं नाही. दुसरा रस्ता कमी वापरला जातो, पण चांगला आहे. अपेक्षित लिस्टचा सेटअप आधीच लिहा, त्याला 'व्हेरिफाएबल()' जोडा आणि शेवटी आर्ग्युमेंटशिवाय 'व्हेरिफाय()' म्हणा. सेटअपची जुळणी कॉल होते त्याच क्षणी होते, त्यामुळे पुढे बफर रिकामा झाला तरी फरक पडत नाही. लिस्टचे घटकच नंतर बदलत असतील तर मात्र 'टूलिस्ट()' पुरत नाही, कारण प्रत लिस्टची होते, आतल्या ऑब्जेक्टची होत नाही. तिथे हवी ती मूल्यं कॉलबॅकमध्येच 'सिलेक्ट' करून घ्या.

आळशी क्वेरीचं दुखणं याच जातीचं. कोडने 'व्हेअर' लावलेली क्वेरी तशीच पुढे दिली तर मॅचर ती स्वतः चालवतो. व्हेरिफायमध्ये चालली म्हणजे उशिरा चालली, आणि मधल्या काळात स्रोत बदलला असेल तर उत्तरही बदलतं. क्वेरीच्या आत लॉगिंग किंवा मोजणी असेल तर ती दोनदा होते. टेस्टमध्ये असं काही विचित्र दिसलं तर मॉकला दोष देण्याआधी कोडने क्वेरी पाठवायची होती की तयार लिस्ट, हे ठरवा. अनेकदा दुरुस्ती कोडमध्येच लागते.

मॉक-यूच्या मॅचरमध्ये लिहिता काय येतं, यालाही कुंपण आहे. 'इट.इज'ला दिलेला लॅम्डा एक्स्प्रेशन ट्री असतो, म्हणजे थेट चालणारा कोड नव्हे तर त्या कोडचा आराखडा. त्यात '?.' चालत नाही, महिरपी कंसातली अनेक वाक्यं चालत नाहीत, लिस्ट पॅटर्न चालत नाहीत, चौकोनी कंसातली नवी कलेक्शन मांडणी चालत नाही. पर्यायी पॅरामीटर गाळून केलेली कॉलही बऱ्याच आवृत्त्यांत कंपायलर सीएस०८५४ ही एरर देऊन परत पाठवतो. आर्ग्युमेंट नल येण्याची शक्यता असेल तर 'एल != नल && एल.काउंट == ३' असं लांब लिहावं लागतं. न लिहिल्यास मॅचरमधूनच नल रेफरन्सचं एक्सेप्शन बाहेर येतं. कंटाळा आला असेल तर 'मॅच.क्रिएट' वापरून एक छोटी हेल्पर मेथड बनवा. तिला साधं प्रेडिकेट लागतं, म्हणून आत हवी ती भाषा वापरता येते, आणि एरर मेसेजमध्ये काय छापायचं तेही देता येतं. प्रत्येक मोठ्या टेस्ट प्रोजेक्टमध्ये अशा दोन हेल्पर असाव्यात: एक क्रमासह जुळवणारी, एक क्रमाशिवाय. मॅचर आधी व्हेरिएबलमध्ये ठेवून ते व्हेरिएबल सेटअपमध्ये देऊ नका. मॅचरची कॉल सेटअपच्या एक्स्प्रेशनच्या आतच व्हायला हवी, नाहीतर व्हेरिएबलमध्ये नुसता नल उरतो आणि सेटअप नलशी जुळायला बसतो.

मॉक-यू निवडताना अनेक टीम अजूनही एक गोष्ट विचारतात, तीही सांगायला हवी. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ४.२०.० आवृत्तीत स्पॉन्सरलिंक नावाचा भाग होता. तो बिल्डच्या वेळी डेव्हलपरचा ईमेल पत्ता वाचून त्याचा हॅश बाहेर पाठवत असे. विरोध झाल्यावर ४.२०.२ मध्ये तो काढून टाकला. प्रोजेक्ट ४.२०.० किंवा ४.२०.१ वर अडकला असेल तर आवृत्ती आजच बदला.

एनसब्स्टिट्यूट लिहायला फार गोड आहे. सेटअपसाठी वेगळं लॅम्डा नाही, 'ऑब्जेक्ट' प्रॉपर्टी नाही, सरळ मेथड कॉल करून 'रिटर्न्स' लावायचं. पण मॉक-यूची घटक ताडणारी सोय इथे नाही. 'रिसीव्ह्ड().सेव्हऑल(अपेक्षित)' लिहिलं तर तुलना 'इक्वल्स'वर थांबते आणि वेगळ्या लिस्ट कधीच जुळत नाहीत. अपवाद 'पॅरॅम्स' (कितीही आर्ग्युमेंट घेणाऱ्या) अ‍ॅरेचा, तिथे घटक पाहिले जातात. बाकी सगळीकडे 'आर्ग.इज' आणि आत 'सीक्वेन्सइक्वल'. 'आर्ग.इज'चं प्रेडिकेटही एक्स्प्रेशन ट्रीच आहे, त्यामुळे वरची कुंपणं इथेही आहेत.

तिचा एक स्वभाव नीट समजून घ्यायला हवा. 'आर्ग.इज'च्या अटीत एक्सेप्शन आलं तर एनसब्स्टिट्यूट ते गिळते आणि आर्ग्युमेंट जुळलं नाही असं धरते. नल लिस्ट आली तर टेस्ट कोसळत नाही, ही चांगली बाजू. पण असर्शन लायब्ररीची कॉल अटीच्या आत लिहून छान संदेश मिळेल अशी आशा ठेवली असेल, तर तो संदेश कधीच दिसणार नाही. सविस्तर तपासणी हवी असेल तर 'आर्ग.डू'ने प्रत घ्या, आणि ती कोड चालवण्याआधी लावा. नंतर लावलेल्या 'आर्ग.डू'ला आधीच्या कॉल दिसत नाहीत. इथेही 'टूलिस्ट()' विसरू नका.

न जुळलेली आर्ग्युमेंट एनसब्स्टिट्यूट तारांकित करून दाखवते. एकाहून जास्त आर्ग्युमेंट असताना नेमकं कोणतं बिघडलं ते पटकन कळतं, आणि ही मांडणी तिघींत मला सर्वात आवडते. मात्र आर्ग्युमेंट लिस्ट असेल तर ताऱ्यांच्या मध्ये बहुधा टाइपचं लांबलचक नाव असतं, आतलं काही दिसत नाही. इलाज आहे: 'आयआर्ग्युमेंटमॅचर' आणि 'आयडिस्क्राइबनॉनमॅचेस' राबवणारा स्वतःचा मॅचर लिहायचा आणि 'आर्ग्युमेंटमॅचर.एन्क्यू'ने तो जोडायचा. तीसेक ओळींचं काम आहे, पण त्यानंतर 'तिसऱ्या जागी ३ हवा होता, ५ आला' असा संदेश मिळतो. एनसब्स्टिट्यूट वापरत असाल तर हे काम पहिल्याच आठवड्यात करून टाका.

फेकइटईझीकडे कलेक्शनसाठी स्वतःचे शब्द आहेत. 'दॅट.इजसेमसीक्वेन्सअ‍ॅज(१, २, ३)' म्हणजे क्रमासह तेच घटक. 'दॅट.कंटेन्स(२)' म्हणजे आत दोन आहे. 'दॅट.इजएम्प्टी()' म्हणजे रिकामं, आणि मध्ये 'नॉट' घालून 'दॅट.नॉट.इजएम्प्टी()'. नव्या आवृत्त्यांत क्रम न पाहता घटक जुळवणारा 'हॅजसेमएलिमेंट्सअ‍ॅज'ही आहे, त्यामुळे वर सांगितलेली संख्या मोजण्याची चुकीची युक्ती वापरायची गरजच उरत नाही. टेस्ट वाचणाऱ्याला हेतू थेट दिसतो, लॅम्डा उलगडावा लागत नाही.

तिचा सर्वात मोठा फायदा बदलणाऱ्या लिस्टच्या बाबतीत आहे. 'ए.कॅप्चर्ड'ने आर्ग्युमेंट पकडता येतं आणि त्यालाच 'फ्रोझनबाय(एल => एल.टूलिस्ट())' जोडता येतं. म्हणजे पकडतानाच प्रत. बफर रिकामा करणाऱ्या लूपची टेस्ट इथे दोन ओळींत होते आणि कॉलबॅकची जोडाजोड लागत नाही. एखाद्या टाइपची तुलना सगळीकडे एकाच पद्धतीने व्हावी असं वाटत असेल तर 'आर्ग्युमेंटइक्वॅलिटीकंपेरर'चा उपवर्ग टेस्ट प्रोजेक्टमध्ये ठेवला की लायब्ररी तो आपोआप शोधते. छपाईसाठी 'आर्ग्युमेंटव्हॅल्यूफॉरमॅटर' तसाच चालतो. एरर मेसेजमध्ये पॅरामीटरची नावंही येतात, एकाच टाइपच्या दोन लिस्ट घेणाऱ्या मेथडमध्ये ती खूप उपयोगी पडतात.

उणीव म्हणाल तर लिहिण्याचा पसारा. 'ए.कॉलटू(() => ...).मस्टहॅवहॅपन्डवन्सएक्झॅक्टली()' हे प्रत्येक टेस्टमध्ये लांब वाटतं, आणि बाकीच्या दोघींची सवय असलेल्याला सुरुवातीला अडखळायला होतं. कलेक्शन क्वचितच येत असेल तर एवढ्यासाठी लायब्ररी बदलू नका. मॉक-यूवर हजारो टेस्ट असतील तर तिथेच थांबा, दोन हेल्पर लिहा, आणि कोड लिस्ट बदलत असेल तिथे सेटअप आणि 'व्हेरिफाएबल'चा रस्ता धरा.

मॉक-यूवरून एनसब्स्टिट्यूटवर जायचं ठरलंच असेल तर मॅचरशिवाय लिस्ट दिलेली प्रत्येक ओळ आधी शोधून काढा. 'रिसीव्ह्ड' असलेल्या टेस्ट बदलानंतर लगेच फुटतील, त्यांची चिंता नाही, त्या स्वतःच ओरडून सांगतात. धोका आहे तो 'टाइम्स.नेव्हर'वरून 'डिडनॉटरिसीव्ह' झालेल्या टेस्टमध्ये. 'डिडनॉटरिसीव्ह().सेव्हऑल(नकोअसलेलेआयडी)' रेफरन्सवर तुलना करणार, दोन लिस्ट कधीच जुळणार नाहीत आणि कोडने नको ते आयडी जतन केले तरी टेस्ट हिरवीच राहणार. अशा प्रत्येक टेस्टमध्ये आधी 'आर्ग.इज' घाला, मग कोडमध्ये मुद्दाम ती नको असलेली कॉल करून टेस्ट लाल होते का ते पाहा, आणि लाल झाल्यावरच कोड पूर्ववत करा.